बेळगावहून तंबोरा पाठवताना : खर्च कमी, पण भोपळा शाबूत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या जुन्या घरांत, देवघराशेजारच्या खोलीत किंवा माडीवरच्या कोपऱ्यात, गवसणी घातलेला तंबोरा अजूनही पुष्कळ ठिकाणी उभा असतो. घरातली मुलगी किंवा मुलगा शिक्षणासाठी पुण्याला, बंगळुरूला, दिल्लीला जातो, तिथे गाणे पुन्हा सुरू करतो आणि एके दिवशी फोन येतो, ‘घरचा तंबोरा पाठवता येईल का?’ मी आजवर असे चार तंबोरे बेळगावहून बाहेर पाठवले. तीन सुखरूप पोहोचले आणि एकाचा गळा वाटेत तडकला. हा लेख मुख्यतः त्या तडकलेल्या तंबोऱ्याने जे शिकवले त्यावर आधारलेला आहे.

तो तंबोरा मी पुण्याला एका खासगी बसने पार्सल केला होता. तीन वाकळी गुंडाळल्या होत्या, वरून तरट शिवले होते, सुतळीने करकचून बांधले होते आणि एवढे पुरे होईल असे मला मनापासून वाटले होते. पुण्यात तो सोडला तेव्हा वाकळीवर ओरखडासुद्धा नव्हता. मात्र भोपळा आणि दांडी जिथे जुळतात त्या गळ्याभोवती केसासारखी बारीक चीर अर्ध्या घेरापर्यंत गेली होती आणि घोडीच्या, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या टेकूच्या, एका पायाने तबलीवर, म्हणजे भोपळ्यावर बसवलेल्या लाकडी पाटीवर, खोलगट वण पाडला होता. बाहेरून मऊ गुंडाळले म्हणून वाद्य सुरक्षित होत नाही, हे त्या दिवशी समजले. तंबोऱ्याचा सगळा भार कुठे टेकतो आणि दांडी हलायला किती मोकळी आहे, यावर सारे अवलंबून असते.

पाठवण्यापूर्वीची तपासणी

तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे वाळवलेल्या फळाचे कवच. ते बाहेरून दणकट दिसते. वाटीसारख्या आकारामुळे सर्व बाजूंनी सारखा येणारा दाब सहनही करते. पण एकाच बिंदूवर आलेला दाब त्याला सोसत नाही. त्याहून नाजूक जागा गळ्याची. जवळजवळ मीटरभर लांबीची दांडी एका बाजूला आणि पोकळ भोपळा दुसऱ्या बाजूला, अशी ही तरफ आहे. शेंड्याला बसलेला हलका धक्काही गळ्याशी कितीतरी पटींनी मोठा होऊन पोहोचतो. म्हणून बांधणीला हात घालण्याआधी उजेडात बसून गळ्याचा पूर्ण घेर पाहावा, नखाने हलके टिचकावत भोपळ्यावरून फिरावे आणि आवाज कुठे फुटका, बद्द येतो का ते ऐकावे.

जुनी चीर किंवा सुटलेला सांधा आढळला, तर तो तंबोरा तसाच लांबच्या प्रवासाला लावू नये. आपल्या भागाचे भाग्य असे की मिरज रेल्वेने काही तासांच्या अंतरावर आहे. तिथल्या सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या हेच काम चालते. मंगळवेढा आणि पंढरपूर भागातले भोपळे तिथे येतात, आणि मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. दुरुस्तीसाठी तंबोरा मिरजेला न्यायचाच असेल, तर पुढची बांधणीही तिथेच करून घेऊन मिरजेहूनच तो पुढे रवाना करावा. ज्यांचे तंबोरे नेहमीच परगावी जातात, त्यांच्या हाताची बांधणी आपल्या हाताच्या बांधणीपेक्षा खात्रीची असते आणि एक प्रवासही वाचतो.

आधी माप, मग वाहन, शेवटी खोका

बहुतेक जण आधी मिळेल तो खोका आणतात आणि मग भाडे विचारायला जातात. पैसा वाया जातो तो इथेच. तंबोरा वजनाला हलका आणि आकाराने मोठा असल्यामुळे कुरिअरवाले त्याचे भाडे काट्यावरच्या वजनावर धरत नाहीत, आकारमानावर धरतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला 5000 ने भागायचे, ही हवाई कुरिअरची नेहमीची पद्धत आहे. रस्त्याने जाणाऱ्या मालासाठी भाजक वेगळा असू शकतो, तो आधी विचारून घ्यावा.

माझ्याकडच्या मोठ्या, पुरुषी तंबोऱ्याची लांबी 142 सेंटीमीटर आणि भोपळ्याची रुंदी 41 सेंटीमीटर आहे. आतल्या गादीसह त्याचा खोका 156 लांब, 54 रुंद आणि 48 उंच झाला. या मापांना 5000 ने भागल्यावर जवळजवळ 81 किलो येतात. काट्यावर तोच खोका पंधरा किलोसुद्धा भरला नाही. उंची फक्त पाच सेंटीमीटरने कमी केली, तर हिशेबातले आठ किलोंहून अधिक कमी होतात. म्हणून गादीची जाडी अंदाजाने न धरता मोजून धरावी. दांडीच्या बाजूला निमुळता होत जाणारा खोका केल्याने कुरिअरचे भाडे मात्र कमी होत नाही, कारण तिथे सर्वांत रुंद जागेचेच माप घेतले जाते. बसच्या पार्सल खिडकीवर जिथे नजरेने भाडे ठरते, तिथे निमुळत्या खोक्याचा थोडा उपयोग होतो.

वाहन निवडताना मी एकच प्रश्न आधी विचारतो : वाटेत हा खोका किती वेळा उतरवून पुन्हा चढवला जाईल? भाड्यात शंभर-दोनशे रुपये कमी असले आणि माल हुबळीला उतरून दुसऱ्या गाडीत, पुन्हा पुण्याला उतरून तिसऱ्या गाडीत जाणार असला, तर ती बचत बचतच नव्हे. जितके हात अधिक, तितका धोका अधिक.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे जाणारे माणूस. ओळखीचे कोणी रात्रीच्या स्लीपर बसने पुण्या-मुंबईला किंवा बंगळुरूला जात असेल, तर तंबोऱ्यासाठी शेजारचा एक बर्थ वेगळे तिकीट काढून घ्यावा. बर्थवर मऊ गवसणीतला तंबोरा आडवा मावतो, त्याला खोक्याची गरज पडत नाही आणि खोक्याचा खर्च व पार्सलचे भाडे मिळून जेवढे होते, त्याच्या आसपासच हे तिकीट पडते. आरक्षण करतानाच कार्यालयात सांगून ठेवावे, म्हणजे गाडीत वाद होत नाही. बसच्या डिकीत मात्र उघडा तंबोरा कधीही ठेवू नये. तिथे उष्णता असते, वरून बॅगा फेकल्या जातात आणि निपाणीहून कोगनोळी ओलांडून पुढे जाईपर्यंत महामार्गाच्या कामांचे खड्डे त्याला सोसावे लागतात.

लांबच्या प्रवासासाठी रेल्वे बरी, पण थेट गाडी असेल तरच. दिल्लीला पाठवायचे असेल, तर वास्कोहून हजरत निजामुद्दीनला जाणारी गोवा एक्सप्रेस लोंढा, बेळगाव, मिरज, पुणे अशी जाते. वाटेत गाडी बदलावी लागत नाही. ‘लगेज’ आणि ‘पार्सल’ यांतला फरक इथे ध्यानात घ्यावा. लगेज म्हणून नोंदवलेले सामान तिकीटधारक प्रवाशाच्याच गाडीतून ब्रेकव्हॅनमध्ये (गाडीच्या सामानाच्या डब्यात) जाते. पार्सल जागा मिळेल तसे जाते आणि कधी दोन-तीन दिवस फलाटावर पडून राहते. म्हणून कोणी जाणारे असेल, तर त्यांच्या तिकिटावर लगेज नोंदवणे केव्हाही श्रेयस्कर. डब्यात सोबत नेण्याच्या सामानासाठी 100 × 60 × 25 सेंटीमीटर ही रेल्वेची मर्यादा आहे आणि तंबोरा तिच्यात बसत नाही. पुष्कळ गायक तो वरच्या बर्थवर नेतात हे खरे, पण तपासनिसाने आक्षेप घेतला तर आपल्या बाजूने नियम नसतो.

तारा, घोडी, खुंट्या

आदल्या दिवशी तारा उतरवाव्यात. एक तार पूर्ण सैल करून मग दुसरीकडे वळू नये. पंचमाची, जोडीच्या दोन आणि खर्जाची अशा चारही तारा आळीपाळीने, प्रत्येक वेळी अर्धा-एक फेरा, असे करत सैल कराव्यात. दांडीवरचा ताण सारखा कमी होत गेला पाहिजे. सूर बारीक जुळवायचे मनके मोगऱ्याच्या, म्हणजे भोपळ्याच्या टोकाला तारा अडकवतात त्या भागाच्या, बाजूला सरकवून ठेवावेत. जवारीचे, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीच्या घासलेल्या पृष्ठभागावरचे, चार दोरे काढून कागदाच्या पुडीत बांधावेत. नवा दोरा सहज मिळतो, पण जुन्या दोऱ्याची जाडी त्या जवारीला जुळलेली असते.

बहुतेक तंबोऱ्यांत घोडी चिकटवलेली नसते, ती तारांच्या दाबानेच उभी राहते. तारा सैल होताच ती सुटते आणि प्रवासात तबलीवर आपटत राहते. माझ्या तंबोऱ्याच्या तबलीवरचा वण असाच पडला होता. घोडी काढण्यापूर्वी तिच्या पायांभोवती पातळ कागद बसवून जागेची खूण कागदावर घ्यावी, मोगऱ्यापासूनचे अंतर त्यावर लिहावे आणि वरून एक सरळ छायाचित्र काढावे. तबलीवर पेन्सिलीने खूण करू नये. काढलेली घोडी जवारीची बाजू आत ठेवून मऊ सुती कापडात गुंडाळावी आणि एखाद्या प्लॅस्टिकच्या डब्यात कापूस भरून ठेवावी. कुशल हाताने घासलेली जवारी हा तंबोऱ्यातला सर्वांत मोलाचा भाग आहे. शक्य असेल तर हा डबा खोक्यात न घालता माणसाच्या हाती द्यावा.

खुंट्यांविषयी मतभेद आहेत. माझे मत असे की तारा जुन्या झाल्या असतील तर त्या काढूनच टाकाव्यात आणि खुंट्याही बाहेर काढाव्यात. बाहेर आलेली खुंटी खोक्याच्या भिंतीला टेकली की धक्का सरळ दांडीच्या शेंड्याला बसतो. प्रत्येक खुंटीचे भोक तिच्यापुरतेच घासून बसवलेले असते, म्हणून काढताना प्रत्येकीला चिठ्ठी बांधून ‘पंचम’, ‘जोड 1’, ‘जोड 2’, ‘खर्ज’ असे लिहावे. तारा नव्या असतील तर सैल ठेवून खुंट्या तशाच राहू द्याव्यात, तारांखाली तबलीवर आणि दांडीवर मऊ कापडाची लांब घडी सरकवावी आणि खोक्यात शेंड्याच्या चारही बाजूंना पुरेशी मोकळीक ठेवावी.

गुंडाळणे

जुन्या तंबोऱ्यांवर लाखेचे पॉलिश असते आणि उष्णतेत ते थोडे मऊ पडते. त्यावर थेट बबलचे प्लॅस्टिक गुंडाळले, तर उन्हात तापलेल्या गाडीत फुग्यांचे गोल ठसे पॉलिशवर कायमचे उमटतात. वर्तमानपत्राची शाईही लागते. त्यामुळे अंगालगतचा पहिला थर नेहमी धुतलेल्या, मऊ सुती कापडाचा असावा. जुने लुगडे यासाठी उत्तम, कारण ते लांब असते आणि त्याला बटण किंवा चेन नसते. कापडावर बबलचे दोन थर द्यावेत. चिकटपट्टी फक्त बबलवर लावावी, लाकडावर किंवा भोपळ्यावर कधीही नाही.

भरण म्हणून आपल्याकडे भाताचे पिंजर (वाळका पेंढा) सहज मिळते आणि मडकी त्यातूनच जातात, पण तंबोऱ्यासाठी ते वापरू नये. त्यात ओल राहते, किडे राहतात आणि त्याचा भुगा खुंट्यांच्या भोकांत शिरतो. निपाणीकडे तंबाखूची रिकामी पोती स्वस्त मिळतात. त्यांचा वास भोपळ्याला लागतो आणि महिनोन्‌महिने जात नाही. वाकळ चालते, परंतु ती बाहेरचा थर म्हणून. प्लॅस्टिकचा कागद वाद्याभोवती घट्ट गुंडाळू नये, कारण आतली ओल आतच कोंडते. पावसापासून संरक्षण म्हणून तो दोन खोक्यांच्या मधे असावा.

चुंबळ आणि खोका

सर्वांत अधिक वेळ इथे द्यावा. पाण्याची घागर डोक्यावर नेताना बायका चुंबळ ठेवतात, कारण गोल बुडाचा भार एका बिंदूवर न राहता कड्यावर पसरतो. भोपळ्यालाही हेच लागते. जुन्या साडीचा किंवा चादरीचा पीळ देऊन मनगटाएवढी जाड, भोपळ्याच्या रुंदीच्या निम्म्याहून थोडी मोठी चुंबळ करावी आणि ती सुटू नये म्हणून दाभणाने चार ठिकाणी टाके घालावेत. आतल्या खोक्याच्या तळाला फोमचा थर, त्यावर ही चुंबळ आणि चुंबळीत भोपळ्याची पाठ बसवून तंबोरा आडवा, तबली वर करून ठेवावा.

असे ठेवल्यावर दिसेल की दांडी तळापासून बरीच वर, अधांतरी आहे. ती तशीच राहिली तर प्रत्येक खड्ड्यात वरखाली होते आणि गळा तिचा सगळा भार झेलतो. माझ्या वाकळींनी नेमके हेच होऊ दिले होते. पुठ्ठ्याच्या घड्या एकावर एक चिकटवून योग्य उंचीचे दोन ठोकळे करावेत, वरच्या बाजूला दांडीच्या आकाराची खाच कापून त्यात फोमची पट्टी बसवावी. एक ठोकळा गळ्यापासून वीतभर पुढे आणि दुसरा खुंट्यांच्या अलीकडे ठेवावा. ठोकळे दांडीला उचलून धरणारे नसावेत, नुसते टेकू देणारे असावेत. खाली कागद सरकवून पाहावा; तो किंचित अडत सरकला तर उंची बरोबर आहे. शेंड्याला कुठलाही टेकू नको, आणि शेंडा व खोक्याची भिंत यांच्यात किमान चार बोटे अंतर हवे.

झाकणाचा भार तबलीवर येता कामा नये. तबली जिथे भोपळ्याला चिकटते त्या कडेवरच, गोलाकार, दुसरी पातळ चुंबळ ठेवावी आणि मधला भाग मोकळा सोडावा. भोपळ्याच्या दोन्ही बाजूंना फोमचे तुकडे दाबून भरावेत, दांडीच्या बाजूंना कागदाचे बोळे चालतात.

खोका विकत घेण्याची गरज नाही. खडेबाजार, गणपत गल्ली किंवा आपल्या गावातल्या फ्रिज विकणाऱ्या दुकानात रिकामे मोठे खोके आणि त्यांतले फोम मागितले तर बहुधा फुकट मिळतात. फ्रिजचे दोन खोके कापून एकात एक बसवावेत आणि मधे फोम व प्लॅस्टिकचा कागद घालावा. लांब खोक्याला दोघे टोकांना धरून उचलतात तेव्हा तो मधे वाकतो. म्हणून बाहेरच्या खोक्याच्या तळाला आतून दोन लांब लाकडी रिपा लावाव्यात. बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यांबाहेर यंत्रांच्या पेट्यांच्या रिपा आणि फळ्या भंगारात स्वस्त मिळतात. पूर्ण लाकडी पेटी करायची असेल, तर वाद्य आत ठेवल्यावर हातोडी लावू नये. झाकण स्क्रूने बसवावे, म्हणजे पलीकडे ते पहारीने उचकटावे लागणार नाही. दिल्लीला तंबोरा पाठवताना दोन रिपा, बबल, रुंद चिकटपट्टी आणि स्क्रू मिळून मला साडेसहाशे रुपये लागले. बाकी सारे घरचे होते.

झाकण लावण्यापूर्वी एक चाचणी करावी. खोका एका बाजूने हातभर उचलावा, हळू खाली ठेवावा, दुसऱ्या बाजूने तेच करावे आणि मग दोघांनी मिळून तो हलकेच हलवावा. आत काहीही सरकल्याचा आवाज आला, तर उघडून भरण वाढवावे. माझा एक नेम असा की बांधलेला खोका रात्रभर शेंडा वर करून उभा ठेवायचा आणि सकाळी उघडून पाहायचा. हमाल तो आडवाच ठेवतील याची खात्री नसते आणि वाद्य सरकणार असेल तर ते घरातच कळलेले बरे.

अक्षरे आणि कागद

आपल्या सीमाभागातला खोका दोन-तीन भाषांच्या हातांतून जातो. बेळगाव-हुबळीकडचे हमाल कन्नड वाचतात, कोल्हापूर-पुण्याकडचे मराठी आणि पुढे हिंदी. म्हणून चारही बाजूंना ठळक अक्षरांत मराठीत ‘नाजूक वाद्य, सावकाश’, हिंदीत तेच आणि कन्नड लिपीत ‘जोपान’ (जपून) असे लिहावे. वरच्या बाजूला बाण काढून त्याशेजारी कन्नडमध्ये ‘मेले’ (वर) लिहावे. काचेच्या पेल्याचे चित्र सर्वांनाच कळते. झाकणावर भोपळा कोणत्या टोकाला आहे तेही लिहावे, म्हणजे जड बाजू नीट धरली जाते. पत्ता बाहेर आणि आतही ठेवावा, कारण बाहेरची चिठ्ठी पावसात सुटते.

बेळगावहून पुणे म्हणजे दुसरे राज्य, म्हणून साध्या कागदावर एक पत्र जोडावे : वाद्य जुने, घरगुती वापराचे आहे, विक्रीसाठी नाही, अंदाजे किंमत अमुक, खाली सही आणि ओळखपत्राची प्रत. वापरलेल्या घरगुती वस्तूंना जीएसटीचे ई-वे बिल लागत नाही, तरी हे पत्र नसेल तर खिडकीवरचा माणूस माल घ्यायला कचरतो. किंमत खरी लिहावी. रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 103 नुसार किंमत घोषित करून त्यावरचे जादा शुल्क भरले नसेल, तर नुकसानभरपाई वजनावर ठरते, आणि तंबोऱ्याचे वजन ते काय! कुरिअरकडे विमा घेतानाही फुटणाऱ्या वस्तू त्यात धरल्या आहेत का, हे पावतीवर लिहून घ्यावे. बांधणीच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे तारखेसह जपून ठेवावीत.

दिवस निवडताना गणेशचतुर्थीच्या आणि दिवाळीच्या आधीचा आठवडा टाळावा, कारण तेव्हा बसगाड्यांच्या डिकी ओसंडून वाहतात आणि खोक्यावर खोके चढतात. जून ते सप्टेंबर आपल्याकडे, विशेषतः खानापूरच्या बाजूला, हवा इतकी दमट असते की जुन्या सरसाने चिकटवलेले सांधे सैल पडण्याची भीती असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

पलीकडच्या टोकाला

घेणाऱ्या माणसाला सूचना आधीच लिहून पाठवाव्यात. खोका ताब्यात घेताना चारही कोपरे पाहावेत, कुठे चेपला असेल तर सही करण्यापूर्वी पावतीवर तसे लिहावे आणि उघडतानाचे चित्रण करावे. वातावरण खूप वेगळे असेल, उदाहरणार्थ दिल्लीतला कोरडा हिवाळा, तर झाकण उघडून तंबोरा एक दिवस गुंडाळलेलाच खोलीत राहू द्यावा. मग गळा पाहावा, कागदावरच्या खुणेप्रमाणे घोडी बसवावी, खुंट्या आपापल्या भोकांत घालाव्यात. पहिल्याच दिवशी सुरात चढवू नये. दोन सूर खाली ठेवून चारही तारा हलक्या ताणाव्यात, दुसऱ्या दिवशी एक सूर चढवावा, तिसऱ्या दिवशी आपल्या पट्टीत आणावा आणि शेवटी जवारीचे दोरे सरकवावेत.

दिल्लीला पाठवलेल्या तंबोऱ्याच्या वेळी माझ्या भाचीने तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन केला, काही न बोलता तो तंबोऱ्याजवळ ठेवला आणि पंचमापासून खर्जापर्यंत चारही तारा सावकाश छेडल्या. खर्जाची तार थोडी बसकी वाटत होती. मी तिला दोरा केसभर मागे घ्यायला सांगितले.